धूर दिसला की मेन काढा

माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या शिवगणाराधनेला, म्हणजे दिवसकार्याच्या जेवणाला, आलेली निम्मी माणसं विमानाबद्दलच बोलत होती. पंगती उठत होत्या, आत अव्वा बायकांच्या गराड्यात भिंतीला टेकून बसली होती, आणि बाहेर मांडवात हिंमतकाकांभोवती कोंडाळं जमलं होतं.

"मग कवा उडायचं हिंमतराव?"

"उद्या सकाळी. विरुपाक्षचा कार्यक्रम नीट पार पडला, आता थांबायचं कशाला? त्याचं नाव टाकलंय म्या नाकावर. लाल रंगात."

"नाव त्याचं अन् जीव तुमचा."

"वायरिंग त्यानं केलंय म्हणल्यावर जिवाला काय हुतंय?"

लोकांनी माना डोलावल्या. अप्पांच्या वायरिंगबद्दल परंड्यात कुणाला शंका नव्हती. वीज कंपनीत कनिष्ठ अभियंता म्हणून त्यांनी नोकरीची बहुतेक वर्षं याच तालुक्यात काढली. लाईट गेली की लोक कंपनीच्या कचेरीत फोन करत नसत, आमच्या घरी करत. भेटायला आलेल्या कित्येकांनी अव्वाला हेच सांगितलं, की अप्पा होते तोवर आमच्या डीपीला काळजी नव्हती. रोहित्राला इकडे सगळे डीपीच म्हणतात. आपल्या नवऱ्याची आठवण डीपीवरून निघते हे अव्वाला विचित्र वाटलं नाही. मलाही नाही.

हिंमतकाका अप्पांचे मित्र. तळ्याकाठी त्यांची बागायत आहे. विमानाचा नाद त्यांना तरुणपणापासून होता, पण हात घातला तो साठी गाठल्यावर. कुठून तरी नकाशे मागवले, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा केला, पंखांना कापड ताणून बसवलं, आणि जुन्या मोटारीचं इंजिन पुढे लावलं. कांदा ठेवायच्या शेडमध्ये हे सगळं उभं राहिलं. विजेचा भाग अप्पांचा. निवृत्त झाल्यापासून त्यांचा दिवस त्या शेडमध्येच जायचा. मी पुण्याहून फोन केला की म्हणायचे, "पुरं झालं की दाखवतो. अर्धं काम बघायचं नसतं." विमान उडवायच्या परवानगीचे कागद कुठल्या तरी टेबलावर अडकले होते. पण उन्हाळ्यात तळ्याचं पाणी मागं सरकतं आणि मैल दोन मैल सपाट, वाळलेला गाळ उघडा पडतो. त्यावर नुसतं पळवायला कुणाची परवानगी लागते, असं हिंमतकाकांचं म्हणणं होतं.

पंगत संपल्यावर ते माझ्याजवळ आले.

"नंदा, शेपटीवरचा लाल दिवा तेवढा जोडायचा राहिलाय. त्याच्याआधीच ह्यो गेला. तू येऊन जोडून दे. विरुपाक्षच्या घरच्या हातानं काम पुरं हुईल."

मला बरं वाटलं. घरात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि हे काम मला येत होतं. दवाखान्यांना वीज देणाऱ्या पॅनलचं डिझाईन करणं हीच माझी नोकरी आहे.

शेडमध्ये हिंमतकाकांनी मला एकटं सोडलं. नाकावरचा रंग अजून चिकट होता. लिंगैक्य विरुपाक्षप्पा. आमच्यात कैलासवासीऐवजी लिंगैक्य लिहितात. मी आत वाकले आणि अप्पांचं काम पाहिलं.

इतकं देखणं वायरिंग मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे. वायरींच्या जुड्या मेणाच्या दोऱ्यानं सारख्या अंतरावर बांधलेल्या, कुठे ताण नाही, कुठे लोंबणं नाही. नळीच्या धारेवरून वायर जिथे वळत होती तिथे रबराचा तुकडा. प्रत्येक वायरीच्या टोकाला पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर अप्पांचं अक्षर: पंप, ठिणगी १, ठिणगी २, रेडिओ, मीटर. मी त्या पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिले. माती देतानाही मी रडले नव्हते. तिथे थोडी रडले, कारण बघायला कुणी नव्हतं.

मग मला किटकॅट दिसली.

किटकॅट म्हणजे चिनीमातीचा पांढरा फ्यूज. जुन्या घरात मीटरखाली असतो, ओढला की हातात येतो आणि घर बंद होतं. विमानात, वैमानिकाच्या उजव्या गुडघ्याजवळ, अप्पांनी तसली किटकॅट बसवली होती. मला आधी हसू आलं. नंतर त्यामागचं कारण कळलं तेव्हा हसू गेलं.

अप्पांचा श्रीपती नावाचा एक मदतनीस होता. तो खांबावर असताना खाली कुणीतरी मेन चालू केला आणि तो गेला. मी तेव्हा शाळेत होते. त्यानंतर अप्पांनी हाताखालच्या प्रत्येक माणसाला एक सवय लावली. कामाला हात घालायच्या आधी मेनची किटकॅट काढायची आणि शर्टाच्या खिशात टाकायची. म्हणजे आपण खाली उतरेपर्यंत दुसऱ्या कुणालाही ती घालता येणार नाही. सगळं एका मेनवर हवं आणि तो मेन आपल्या खिशात हवा, यापलीकडे त्यांना सुरक्षितता ठाऊक नव्हती. श्रीपतीनंतर त्यांच्या हाताखालचा एकही माणूस दगावला नाही.

शेपटीच्या दिव्याला वीज कुठून घ्यायची ते बघायला मी वायरी मागं मागं शोधत गेले. रेडिओची वायर किटकॅटला आली. मीटरची आली. पंपाची आली. ठिणगी १ आली. ठिणगी २ पण तिथेच आली.

मी पुन्हा सगळ्या शोधल्या. बॅटरी दोन होत्या हे पाहून जीव जरा भांड्यात पडला, पण दोन्ही बॅटऱ्यांच्या वायरी किटकॅटच्या आधीच एकत्र झाल्या होत्या.

मोटारीच्या या इंजिनाला ठिणगी विजेची लागते आणि पेट्रोल चढवायला पंपही विजेचा लागतो. वीज गेली की ते बंद पडतं. घराची लाईट गेली तर अंधार होतो, खांबावरची लाईट गेली तर माणूस वाचतो. विमानाचं तसं नाही. एखादी वायर घासून पेटली, धूर निघाला, तर वैमानिकाला बाकीची सगळी वीज तोडता आली पाहिजे आणि इंजिन मात्र चालू राहिलं पाहिजे. त्यासाठी ठिणगी आणि पंप यांना बॅटरीपासून वेगळी वाट द्यावी लागते, स्वतःच्या स्विचची. आम्ही दवाखान्यात हेच करतो. शस्त्रक्रियेच्या खोलीचा पुरवठा बाकीच्या इमारतीच्या मेनवर कधीच ठेवत नाही. हे शोधून काढायला हुशारी लागत नाही. आमच्याकडे नव्यानं लागलेल्या मुलांना आम्ही हे पहिल्या आठवड्यात सांगतो.

माझे कान तापले. बाप जाऊन असे किती दिवस झाले होते, आणि मी त्याच्या कामात वाकून त्याच्यामुळे शरमत होते. ते अक्षर, ते दोरे, तो रबराचा तुकडा, सगळं नीट. आणि मुळातली कल्पनाच खांबावरची. नाकावर त्यांचं नाव होतं.

धुरपदाकाकू, हिंमतकाकांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या.

"हुतंय का गं?"

"दिव्याचं होईल."

"म्या ह्या खेळण्याला कवाच काडी लावली असती, तुला खोटं कशाला सांगू. चांगला बसून खायचा वखत, अन् ह्यांना उडायचंय. पण तुझ्या अप्पानं माझ्यासमोर हात ठिवला त्या फ्यूजच्या डब्यावर. म्हणला, वैनी, ह्यातलं काय बिघडलं तर हिंमतला आच लागायची न्हाय, माझा शब्द हाय. मग म्या गप बसले. त्याच्या शब्दावर आख्खा तालुका खांबावर चढायचा."

मी चहा घेतला. दिवा जोडला. तो लागला. तेवढंच मी तिथे करू शकले, आणि काहीही न बोलता घरी आले.

संध्याकाळी मी शिवशंकरअण्णांना बाजूला घेतलं. अण्णा म्हणजे माझे चुलते, अप्पांचे धाकटे भाऊ. ईट गावाला असतात, कार्यासाठी आले होते. त्यांना मी सगळं समजावलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, त्यामुळे मला वाटलं पटतंय.

"झालं तुझं?" ते म्हणाले.

"हो."

"कुणाकुणाला बोललीस?"

"तुम्हालाच."

"मग हितंच थांबव. आज दुपारी त्याच्या नावानं गाव जेवलं. त्यांच्या ताटातला भात अजून वाळला न्हाय, अन् तू सांगणार की ज्याच्यासाठी आला त्याला काय येत नव्हतं."

"येत नव्हतं असं नाही अण्णा. एक गोष्ट चुकली."

"लोक एकच लक्षात ठिवत्यात. अन् लेकीनं सांगितलं म्हणल्यावर तर जलमभर." ते थोडे मऊ झाले. "हे बघ. हिंमतराव नुसतं पळवणार हाय. मला म्हणलाय तसं. चाकं वर उचलायची न्हाईत. पळता पळता बंद पडलं तर पडलं, उतरून ढकलंल. मागनं तू येऊन गुपचूप दुरुस्त कर. कुणाला कळायची गरज न्हाय."

मला हे ऐकायचंच होतं. मी मान डोलावली. दारात अव्वा उभी होती. तिनं किती ऐकलं कोण जाणे. ती एवढंच म्हणाली, "ते शेडमधनं यायचे तेव्हा लई खूश असायचे." मग पाण्याचा तांब्या उचलून आत गेली. दुःखाबद्दल मी पुष्कळ वाचलेलं आहे आणि त्याच्यासाठी थोडीफार तयार होते. लाजेची तयारी कशी करायची हे मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

सकाळी तळ्यावर जत्रेसारखी गर्दी होती. मोटरसायकली, दोन जीप, एक आइस्क्रीमची गाडी. हिंमतकाकांचे गडी विमान ढकलत गाळावर आणत होते, शेपूट दोरानं मागच्या ट्रॅक्टरला बांधलेली. तडे गेलेल्या त्या सपाटीच्या टोकाला पाणी चमकत होतं, आणि त्याच्या अलीकडे बराच लांब नुसता चिखल. काकांनी डोक्यावर हेल्मेट आणि अंगात नवा पांढरा शर्ट घातला होता. मी त्यांच्याजवळ गेले.

"काका, पळवणारच ना नुसतं?"

ते खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. पाण्यापसतोर जायचं, एक वळसा घ्यायचा अन् माघारी. काकूला सांगू नगंस. विरुपाक्षला म्या शब्द दिला हुता, तळं वरनं बघून येतो म्हणून."

त्यांच्या तोंडाला पेढ्याचा वास येत होता. कुणीतरी आधीच तोंड गोड केलं होतं.

आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी बोलले. अप्पांच्या वायरिंगमध्ये चूक आहे, ठिणगी आणि पंप मेनपासून वेगळे हवे होते, वर जाऊ नका, असं म्हणाले. ते हसले नाहीत, पण त्यांनी मनावरही घेतलं नाही.

"पोरी, तुझं मन ठिकाणावर न्हाय. साहजिक हाय. आत्ताच बाप गेला, आता ह्यो म्हाताराबी जातो का काय, असं वाटायलंय तुला."

"तसं नाही काका."

"विरुपाक्षची वायर चुकत नसती."

"मग एक करा. इंजिन चालू करा. शेपूट ट्रॅक्टरला बांधलेलीच राहू द्या. मी तुमच्या बाजूला उभी राहते. मी एकदाच काहीतरी सांगेन, ते ऐकून अप्पांनी शिकवलंय तसंच करा."

"एवढंच?"

"एवढंच."

इंजिन एका झटक्यात सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरं पुढे धावली, त्यांना गड्यांनी मागं हाकललं. पंख्याच्या वाऱ्यानं गाळाची माती मागं उडत होती. मी पंखाच्या मागे, काकांच्या खांद्याशी उभी होते. ते माझ्याकडे बघून हसले आणि अंगठा दाखवला. खरंच सुंदर चाललं होतं ते इंजिन. एका क्षणी मला वाटलं, असंच सोडून द्यावं.

मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडले, "धूर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उजवा हात सरळ गुडघ्याजवळ गेला, किटकॅट खटकन बाहेर आली आणि पांढऱ्या शर्टाच्या खिशात पडली. हात पुन्हा दांड्यावर. अप्पांनी किती वेळा करून घेतलं असेल ते त्या हातावरून कळत होतं.

इंजिन बंद पडलं. पंखा दोनदा अडखळून थांबला. माती खाली बसली.

"आता खाली पाणी आहे," मी म्हणाले.

काका खिसा चाचपत म्हणाले, "परत घालतो की."

"धूर निघणारी वायर तिथंच आहे. घातली की पुन्हा पेटणार."

त्यांनी समोर पाहिलं. तळ्याच्या टोकाकडे, पाणी होतं तिकडे.

"झोपेतनं उठवून इच्यारायचा मला," ते म्हणाले. "हिंमत, धूर दिसला, काय करशील? मेन काढीन. कुठं ठिवशील? खिशात." त्यांनी हेल्मेट काढलं. "अन् मला वाटायचं, ह्यो असताना भ्यायचं काय."

मागून आवाज आला, "लाईट गेली का वो हिंमतराव?"

हशा पिकला.

"विमानात बी लोडशेडिंग."

"डीपी जळाला आसंल. विरुपाक्षप्पाला फोन लावा."

हे म्हणणारा माणूस म्हणता म्हणताच थांबला. सवयीनं गेलं होतं तोंडातून. तेवढ्यात अण्णा गर्दीतून पुढे आले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते बघत माझ्याकडे होते, प्रश्न मात्र काकांना विचारला.

"काय झालं?"

"वायर चुकली," काका म्हणाले.

"कुणाची?"

मी तोंड उघडलं होतं. तसं निदान मला वाटतं. पण त्यातून शब्द निघाला नाही, आणि तेवढ्यात काका सीटवरून उतरून लोकांकडे तोंड करून उभे राहिले.

"माझी. विरुपाक्षनं ठिणगीचं अन् पंपाचं येगळं काढून दिलं हुतं. मला तो पसारा वाटला. त्यो गेल्यावर म्या सगळं एकात कोंबलं. ह्या पोरीनं धरलं म्हणून वाचलो. आज उडणं न्हाय. घरला जावा."

अण्णांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. त्यांचा आवाज लगेच चढला.

"अवो पण तुम्हाला कुणी सांगितलं त्यात हात घालायला? माझा भाऊ येवढी वर्सं मरमर करून नीट देतो अन् तुम्ही त्याच्यात कालवाकालव करता? त्याचं नाव लावून?"

"चुकलं," काका म्हणाले.

मग लोकांना रान मोकळं झालं. बल्ब बदलायला गडी बोलावणारा माणूस वायरी काढतोय. अहो हिंमतराव, ती काय उसाची मोळी हाय का, सगळं एकात बांधायला. विरुपाक्षप्पानं आयुष्यभर तालुक्याचा जीव वाचवला, अन् ह्यांनी त्याच्याच नावाला बट्टा लावला असता. काका हसत ऐकत उभे होते. पांढऱ्या शर्टाच्या खिशाला किटकॅटचा काळा डाग पडला होता. त्या वायरींच्या टोकांवर अप्पांच्या अक्षरातल्या पट्ट्या होत्या. कुणी दोन पावलं पुढे येऊन वाकलं असतं तर दिसलं असतं. कुणीही आलं नाही. मी त्या सगळ्यांच्या आणि त्या वायरींच्या मध्ये उभी होते.

शेडच्या आडोशाला काकू चुलीवर मोठ्या पातेल्यात चहा करत होत्या. एवढी माणसं आलीत, त्यांना कोरडं कसं पाठवायचं, म्हणून. मी तिकडे गेले. त्यांनी माझ्या हातात गाळणी दिली.

"काकू, ते काकांनी केलेलं नाही."

"ठाऊक हाय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? टॉर्चमध्ये शेल उलटे घालतंय ते माणूस." त्यांनी पातेलं उतरवलं. "विरुपाक्षनं हात ठिवून शब्द दिला हुता मला. त्याला ठाऊक नसंल. ठाऊक असतं तर दिला नसता. म्या त्याच्यावर राग धरू का नको, ते आजून ठरवलं न्हाय."

"मग तुम्ही तिथे बोलल्या का नाहीत? एवढे लोक काकांना हसतायत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"तू बी न्हाय बोललीस की," त्या म्हणाल्या, आणि कप मांडायला लागल्या.

मी गाळणी खाली ठेवली आणि परत गेले. गर्दी पांगायला लागली होती, पण अण्णांभोवती पंधरावीस माणसं अजून उभी होती आणि अण्णा अप्पांबद्दल सांगत होते. काका थोडे बाजूला, विमानाच्या चाकावर बसले होते.

"हिंमतकाकांनी वायरीला हात लावलेला नाही," मी म्हणाले. माझा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "ते वायरिंग अप्पांनीच तसं केलं होतं. चूक अप्पांची आहे. मी काल दुपारीच पाहिली होती आणि गप्प राहिले."

अण्णांनी मान खाली घातली. मला हलकं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. वाटलं नाही. भर उजेडात आपल्या बापाचं पांघरूण ओढल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात काका चाकावरून उठले आणि माझ्याजवळ आले.

"बघा," ते लोकांना म्हणाले. त्यांचा आवाज जरा जड झाला होता. "बघितलं का ही पोर? माझं म्हाताऱ्याचं चारचौघांत हसं झालं, ते हिला बघवंना. म्हणून मेलेल्या बापावर घेतीय. विरुपाक्षची लेक हाय. दुसरं काय करणार?"

"काका, खरं सांगतेय मी."

"व्हय, व्हय. जिम्मा माझा हाय, तू गप."

एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. परंड्यात त्यांचं दुकान आहे. त्यांच्या दुकानाची लाईट अप्पांनी कितीदा तरी जोडली असेल. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अशी लेक पायजे," ते म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या. लगेच कुणीतरी काकांना म्हणालं की बघा हिंमतराव, एवढ्याशा पोरीला तुमच्यासाठी खोटं बोलावं लागतंय, जरा तरी वाटू द्या. काकांनी तेही ऐकून घेतलं. अण्णांनी मान वर केली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांना ठाऊक होतं. आम्हा तिघांनाच ठाऊक होतं, आणि शेडपाशी चौथीला.

मी पुन्हा सांगायला हवं होतं. वायरींपाशी नेऊन अक्षर दाखवायला हवं होतं. पण काका माझ्याकडे बघत होते, आणि त्यांनी अगदी थोडी मान हलवली. नको, अशी. मित्रासाठी त्यांनी जे केलं ते मी मोडू नये असं त्यांना वाटत होतं. का, आणि तसं वाटून घ्यायचा त्यांना हक्क होता का, याचा मी त्यानंतर खूप विचार केला आहे.

काकू ताटात कप घेऊन आल्या. पहिला कप त्या दुकानदार गृहस्थांनी उचलला आणि मला दिला. "घे बाळ, तू आधी," ते म्हणाले. सगळे थांबले होते, मी घेतल्याशिवाय कुणी घेईना.

मी घेतला. चहा गोड होता. मी तो सगळा प्यायले.